कात्रणं जुळवून केलेली कविता: दाद द्यायची तर कशाला?

वृत्तवेडी (नौपाडा, ठाणे)

गेल्या शनिवारी ऐरोलीत एका मैत्रिणीकडे कविता वाचायला आम्ही पंधरा-सोळा जण जमलो होतो. पहिल्या चार-पाच जणांनी आपापल्या कविता वाचल्या. मग एका तरुणाने खिशातून पाकीट काढलं. त्यात वर्तमानपत्राची कात्रणं होती. छोट्या जाहिरातींतल्या ओळी कापून त्याने एका कागदावर खाली-खाली चिकटवल्या होत्या. "यातला एकही शब्द माझा नाही," असं आधीच सांगून त्याने वाचायला सुरुवात केली. मला आठवतात त्या ओळी अशा:

मुलगी गोरी, गृहकृत्यदक्ष
गळती हमखास बंद
घर सोडून गेलास, आई आजारी आहे
जुने सोने रोख घेऊ
समक्ष भेटा किंवा लिहा

टाळ्या पडल्या. माझे हात काही उचलले गेले नाहीत. त्यानंतर एका मुलीने कुठल्याशा सरकारी नोटिशीवर काळं मार्कर फिरवून उरलेले शब्द वाचले. मी मागे बसले होते, कागद दिसला नाही, शब्द तेवढे कानावर आले आणि गेले.

ट्रान्स हार्बरने परत येताना ठाण्यापर्यंत डोक्यात हेच घोळत होतं. एकतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. शब्द आतून यावा लागतो, हे मुलांना सांगत आले आणि आजही मनापासून मानते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं, की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. दुसऱ्याच्या शब्दांना हात लावायचा तर इतकी भीड हवी. कात्री घेऊन बसलेल्याला ती असते का?

तर प्रश्न असा: अशी कविता कोणाची? आणि दाद द्यायची झाली तर नेमकी कशाला द्यायची?

खाडीकाठ

ताई, तुमचा मुद्दा कळला, पण 'घर सोडून गेलास, आई आजारी आहे' आणि लगेच खाली 'जुने सोने रोख घेऊ'. तुम्ही नुसतं लिहिलंत तरी माझ्या पोटात कालवलं. आईचं सोनं कोणी आणि का विकायला काढलं, ही अख्खी गोष्ट त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत आहे. ती जागा जाहिरात देणाऱ्यांची नव्हे. ती त्या मुलाची.

डबल_डेकर

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या फळ्यावरून, कानामात्रा न बदलता:

उद्या येणार नाही
परवा कमी दाबाने येईल
साठा करून ठेवावा
सहकार्य अपेक्षित

पाण्याची सूचना आहे. बायकोला फोनवर वाचून दाखवली तर म्हणाली, "कोण गेलंय सोडून?"

शेवंती_नेरूळ

@डबल_डेकर, 'कमी दाबाने येईल' हे कुठल्याही विरहगीतात शोभेल!

अनुस्वार

हा प्रकार शंभर वर्षांपेक्षा जुना आहे, म्हणून थोडं मागून सांगतो.

१९२० साली 'दादा' नावाच्या युरोपातल्या कलाचळवळीतला कवी त्रिस्तान त्झारा याने कविता करायची कृतीच लिहून ठेवली. वर्तमानपत्र घ्या, हव्या त्या लांबीचा लेख कापा, त्यातले शब्द सुटे करा, पिशवीत घालून हलवा, एकेक काढा आणि त्याच क्रमाने उतरवून घ्या. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ज्या शब्दांनी लाखो तरुणांना खंदकात पाठवलं, त्या शब्दांवरचा या मंडळींचा विश्वास उडाला होता. त्या पिशवीकडे बघताना हे लक्षात ठेवावं लागतं. पुढे १९५९ मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार ब्रायन गायसिन आणि अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांनी मजकुराच्या पट्ट्या कापून जुळवायला सुरुवात केली.

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो टॉम फिलिप्स. या इंग्लिश चित्रकाराने १९६६ मध्ये लंडनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानातून तीन पेन्सला एक विस्मृतीत गेलेली कादंबरी उचलली, १८९२ ची. तिच्या प्रत्येक पानावर तो चित्र काढत गेला आणि मोजकेच शब्द उघडे ठेवत गेला. पानं पूर्ण झाली तरी थांबला नाही, जुनी पानं पुन्हा नव्याने केली. शेवटची आवृत्ती २०१६ ला आली. पन्नास वर्षं एकाच पुस्तकाशी! वृत्तवेडी ताई, तुम्ही भीड म्हणालात. मला वाटतं ती अशीही असते.

पिशवीतून निघेल ते घेणं आणि निवडून ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐरोलीतल्या मुलाने निवडलं होतं, पिशवी हलवली नव्हती.

उलटा_मासा

सपशेल असहमत. टॉम फिलिप्स चित्रकार होता, त्याची चित्रं बाजूला काढा आणि मग बोला. माझ्या आठवीतल्या मुलीने काल हा धागा वाचून वर्तमानपत्राच्या पुरवणीतून दहा मिनिटांत तीन कविता केल्या. तिन्ही 'छान' होत्या, आणि मला तीच अडचण वाटते. दोन असंबद्ध ओळी शेजारी ठेवल्या की मेंदू आपोआप अर्थ लावतो. अर्थ लावण्याचं काम ऐकणारा करतो आणि टाळ्या कापणाऱ्याला मिळतात.

मी स्वतः कविता लिहितो. एका कडव्यासाठी आठ-आठ दिवस घालवलेत. त्यामुळे हे मला सहज सोडून देता येत नाही.

पोफळी

वाचनखूण साठवली. चालू द्या.

मोडीवाचक (पाचपाखाडी)

अनुस्वार पॅरिसला गेले, मी जवळचं सांगतो.

राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू जिनसेन यांनी नवव्या शतकाच्या सुमारास 'पार्श्वाभ्युदय' नावाचं संस्कृत काव्य रचलं. विषय तीर्थंकर पार्श्वनाथांचा. आणि रचना कशी? प्रत्येक श्लोकात मेघदूतातली एक किंवा दोन चरण जसेच्या तसे बसवलेले, उरलेले चरण जिनसेनांचे. असं करत करत अख्खं मेघदूत त्यात सामावलं. यक्षाच्या विरहाच्या ओळी तपश्चर्या आणि वैराच्या कथेत जाऊन बसल्या. दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करायचा, हा समस्यापूर्तीचा खेळ दरबारात चालायचाच, पण एका संपूर्ण काव्याची समस्यापूर्ती म्हणजे केवढी छाती!

गंमत पुढे आहे. मेघदूतात नंतर कोणकोणते श्लोक घुसले ते ठरवताना अभ्यासकांना या जैन काव्याचा आधार मिळाला. जिनसेनांच्या काळी मेघदूत कसं होतं, त्याचा पुरावाच तो. के. बी. पाठकांनी पुण्यात १८९४ साली त्यावरून मेघदूताची आवृत्ती काढली. म्हणजे ज्याने दुसऱ्याच्या ओळी उचलल्या, त्यानेच त्या राखल्या.

आणि नाथांचं म्हणाल, तर त्यांनी *भर घालायला* मनाई केली. मार्कर फिरवणारी मुलगी कुठे भर घालतेय?

वृत्तवेडी

@मोडीवाचक, पार्श्वाभ्युदयाचं माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण समस्यापूर्तीत पूर्ती आहे ना! कालिदासाच्या एका चरणासमोर तीन स्वतःचे, तेही मंदाक्रांता वृत्तात, यती (ओळीतला विराम) सांभाळून. तिथे कवीचा कस लागतो. खोडण्यात कसला कस?

@उलटा_मासा, तुमचं दुःख मला कळतं. तेच माझंही आहे.

कलम_बावन्न (वाशी)

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण हे उद्या कोणी छापायला जाईल. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ ला गेले, म्हणजे २०१६ संपताना त्यांचं लेखन मुक्त झालं. केशवसुत, संतकवी यांचा प्रश्नच नाही. न्यायालयाचे निकाल छापणं, न्यायालयानेच मनाई केली नसेल तर, कलम ५२ प्रमाणे उल्लंघन धरत नाहीत. पण हयात कवीच्या ओळी उचलून 'प्रयोग' म्हणणार असाल तर आधी त्यांना विचारा. कायद्यासाठी नाही, तर शेजारधर्म म्हणून.

शेवंती_नेरूळ

विडंबन विसरलो का आपण? केशवकुमारांची 'झेंडूची फुले' मूळ कविता माहीत असल्याशिवाय निम्मी कळतच नाहीत. मूळ मजकूर मागे दिसत राहणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

डबल_डेकर

विडंबनात हसू येतं. त्या गळतीवाल्या कवितेत घशात काहीतरी अडकतं. फरक आहे.

खाजण (घणसोली)

मार्करवाली मुलगी मी. आठवडाभर नुसती वाचत होते. आता लिहिते.

मॅडम, तुम्हाला मागून कागद दिसला नाही ही माझी चूक. तो फिरवायला हवा होता. म्हणून इथे देते.

नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. आमचं त्यातलं एक. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरणकडच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, त्यानंतर साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत देण्याची योजना आली. मी हे सगळं झाल्यावर जन्मले. आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांची पत्र्याची पेटी आहे, तिच्यात रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली ही नोटीस होती. घड्यांवर फाटलीय. त्यातली दोन वाक्यं:

*सदर जमिनीत हितसंबंध असणाऱ्या सर्व इसमांनी नेमल्या तारखेस समक्ष अथवा मुखत्यारामार्फत हजर राहून आपल्या हितसंबंधाचे स्वरूप व नुकसानभरपाईची मागणी लेखी सादर करावी. मुदतीत हजर न राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.*

झेरॉक्सवर खोडून जे उरलं ते:

जमिनी
असणाऱ्या सर्व
हजर
आपल्या
नुकसान
लेखी
आपले म्हणणे
नाही

मी स्वतःची कविता लिहून पाहिली होती. भात, खाजण, मिठागर, बांधावरची करंजाची झाडं, सगळं घातलं. वाचताना खोटं वाटायचं, कारण मी ते भात पाहिलेलंच नाही. माझ्याकडे आजोबांची फक्त ही दोन वाक्यं आहेत, आणि तीही त्यांची नाहीत. मला त्यात त्यांना शोधायचं होतं. किती दिवस लागले म्हणाल तर पावसाळा गेला. चाळीसएक झेरॉक्स खराब केल्या.

आजीला वाचता येत नाही. तिला आधी अख्खी नोटीस वाचून दाखवली. ती गप्प बसून राहिली. मग खोडलेली वाचली. म्हणाली, "मना परत वाचून दाखव." चार वेळा वाचली.

खाडीकाठ

काय बोलू. नुकसान लेखी. म्हणणे नाही.

मोडीवाचक

खाजण, मूळ कागदाच्या घड्या उघडून त्याला सपाट ठेवा, दुमडू नका. प्लास्टिकमधून काढा, आम्ल नसलेल्या कागदात ठेवा. मदत लागली तर व्यक्तिगत निरोप करा. हा कागद जपला पाहिजे.

वृत्तवेडी

खाजण, बेटा, दोन दिवस तुझा प्रतिसाद उघडून बसले आहे.

शिक्षिकेची नजर आहे, आधी व्याकरणच दिसलं. मूळ वाक्यात 'जमिनीत' आहे. तू त्यातला 'त' खोडलास आणि 'जमिनी' उरलं. एका माणसाची एक जमीन होती, प्रत्यय गेल्यावर ती अनेक झाली, पंचक्रोशीच्या जमिनी झाल्या. आपल्या भाषेत प्रत्यय नामाला चिकटून असतो, त्यामुळे खोडताना बहुतेक वेळा हाती मोडका शब्द येतो. 'इसमांनी'तला 'नी' काढ, 'इसमां' उरेल, त्याला अर्थ नाही. 'तारखेस'चंही तसंच. 'जमिनीत' हा त्या वाक्यातला असा शब्द आहे की प्रत्यय काढला तरी तो पूर्ण उभा राहतो. हे तू शोधलंस की सापडलं?

आणि 'नुकसानभरपाई'. हा सामासिक शब्द आपण इतक्यांदा एका श्वासात म्हणतो की त्यात 'नुकसान' आहे हे ऐकूच येत नाही. तू भरपाई खोडलीस. खरं सांगते, नियमात बसतं का म्हणून आधी भुवया चढल्या होत्या. शब्द तोडायचा तर मग अक्षरंही तोडता येतील, आणि तशी कुठल्याही कागदातून कुठलीही कविता निघेल.

खाजण

'जमिनी' सापडलं. पहिल्या तीस-पस्तीस झेरॉक्समध्ये 'जमिनीत'च ठेवलं होतं. एकदा मार्कर घसरला आणि 'त' गेला.

'भरपाई' मात्र मुद्दाम. तुमचं बरोबर आहे, नियम हवा. मी एवढाच पाळला की क्रम बदलायचा नाही, अक्षर जोडायचं नाही आणि जे उरेल तो मराठीत पूर्ण शब्द असला पाहिजे.

अनुस्वार

शब्द तोडण्यावरून एक सांगतो, कारण तो अगदी नोटिशीसारखाच कागद होता. १७८१ मध्ये 'झाँग' नावाच्या गुलामवाहू जहाजावरून १३० हून जास्त आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकलं गेलं. खटला उभा राहिला तो विम्याच्या पैशांवरून. १७८३ च्या त्या निकालाचा मजकूर जेमतेम दोन पानांचा, आणि त्यात माणसांचा उल्लेख माल म्हणून. कॅनडातल्या कवयित्री एम. नुर्बेसे फिलिप, व्यवसायाने वकीलही होत्या, त्यांनी ठरवलं की त्या निकालाबाहेरचा एकही शब्द वापरायचा नाही. त्यातून २००८ मध्ये अख्खं पुस्तक केलं. पुढे पुढे त्या शब्द फोडतात, अक्षरं पाण्यावर विखुरल्यासारखी पानभर पसरतात. ती गोष्ट सांगता येत नाही आणि सांगितल्यावाचून सोडताही येत नाही, म्हणून भाषा फुटते. तिथे तोडण्याला कारण आहे. खाजण यांच्या 'भरपाई'लाही आहे.

उलटा_मासा

खाजण यांच्या कवितेपुढे मी गप्प. पण मुद्दा सोडत नाही, उलट आता तो जास्त महत्त्वाचा झाला आहे.

अनुस्वार, दुसरी बाजूही सांगा. मार्च २०१५ मध्ये केनेथ गोल्डस्मिथ या अमेरिकन कवीने ब्राऊन विद्यापीठात मायकल ब्राऊनचा शवविच्छेदन अहवाल कविता म्हणून वाचला. पोलिसाच्या गोळीने मेलेला १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. अहवालातली वाक्यं घेतली, थोडीफार बदलली, क्रम आपल्या सोयीने लावला आणि वाचन मुलाच्या गुप्तांगाच्या वर्णनावर संपवलं. लोक संतापले, आणि रास्त संतापले. तोही 'शब्द माझे नाहीत' असंच म्हणू शकत होता.

म्हणून 'यातला एकही शब्द माझा नाही' हे वाक्य मला सगळ्यात खटकतं. शब्द तुझे नसतील, हात तर तुझा आहे. ज्या बाईने 'घर सोडून गेलास, आई आजारी आहे' अशी जाहिरात दिली, तिने पैसे मोजून ती ओळ छापली. तिचा मुलगा परत आला की नाही? त्या पंधरा जणांत कोणाला तरी हा प्रश्न पडला का?

खाडीकाठ

मला पडला होता. पहिल्या प्रतिसादात पोटात कालवलं ते त्यामुळेच. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी त्या बाईचा विचार कवितेतली बाई म्हणून केला, खरी बाई म्हणून नाही.

पाकीट_आणि_कात्री

जाहिरातवाला मी. मैत्रिणीने धागा पाठवला.

@उलटा_मासा, हे लागलं. बरोबर आहे. तो पेपर १९९० च्या दशकातला आहे, आमच्या घरच्या कपाटात खणाच्या तळाशी अंथरलेला होता. मी तारीख कापून टाकली होती. आता ती कवितेच्या वर लिहीन, आणि ओळ कुठली ते वाचण्याआधी सांगेन. 'एकही शब्द माझा नाही' हे वाक्य बंद.

शेवंती_नेरूळ

हे आवडलं. नुसतं आवडलं नाही, असं ऐकून घेणं आजकाल बघायलाही मिळत नाही.

पोफळी

अवांतर: कपाटात अंथरलेले जुने पेपर वाचत साफसफाई अर्धी टाकून बसणारे इथे किती जण? आमच्या कळव्याच्या घरी दरवर्षी दिवाळीत हेच.

डबल_डेकर

सगळेच. आईची हाक येईपर्यंत!

वृत्तवेडी

मी करून पाहिली. त्याशिवाय बोलणं बरोबर नव्हतं.

निवृत्त झाले तेव्हा एक जुनी वही घरी आली होती. प्रगतिपुस्तकात लिहायचे शेरे मी आधी त्यात कच्चे उतरवायची. एका मुलापुढे लिहिलं होतं: *वर्गात सतत बोलतो. अक्षर सुधारावे. अभ्यासात मन लागत नाही. पालकांनी येऊन भेटावे. घरी लक्ष द्यावे.* झेरॉक्स काढली आणि खाजणचे तिन्ही नियम पाळले. दुपारी दोनला बसले ते दिवेलागणीला उठले. उरलं ते एवढंच:

सतत बोलतो
मन
येऊन भेटावे
घरी

तो मुलगा मला आठवतो. आई नव्हती त्याला, हे मला वर्ष संपता संपता कळलं. शेरा पहिल्या सहामाहीतला आहे. हे सहा शब्द त्या वहीत तेव्हापासून होते, माझ्याच हातचे, आणि मला ते वाचता आले नव्हते.

उलटा_मासा, तुमच्या आठ दिवसांच्या कडव्याची जागा हिने घेतली असं मी म्हणणार नाही. वृत्तात लिहिण्यातलं सुख वेगळं आहे आणि ते मी सोडणार नाही. पण 'खोडण्यात कसला कस' हा माझा प्रश्न मी मागे घेते. दाद कशाला द्यायची याचं उत्तर मला माझ्यापुरतं मिळालं आहे: त्या कागदापाशी माणूस किती वेळ बसला त्याला. पिशवी हलवून काढलेल्या ओळींना मी अजूनही टाळी देणार नाही.

उलटा_मासा

मॅडम, वेळ बसल्याने कविता होते हे अजून मान्य नाही. 'येऊन भेटावे / घरी' मात्र झाली आहे.

मुलीला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पुरवणी ठेवून दिली आणि स्वतःचं पहिलीतलं प्रगतिपुस्तक शोधायला घेतलंय.

मोडीवाचक

पुढचं वाचन ठाण्यात करूया का? आमच्या गच्चीवर वीस जण बसतील. तलावपाळीवरून चालत दहा मिनिटं.

खाजण

येते. आजीलाही आणेन, जिना किती मजल्यांचा ते कळवा.

मॅडम, वहीचं मूळ पानही सोबत आणा. यावेळी दोन्ही कागद आधी सगळ्यांच्या हातातून फिरवू, मग वाचू. आणि तुम्ही पुढे बसा.